व्हीलचेअरची सोय

भांडण्यात शुभाचा हात धरील असं न्युरेम्बर्गमध्ये तरी कुणी नव्हतं. घरमालकाकडून भर थंडीत हीटिंग दुरुस्त करून घेणारी, आणि डॉक्टरच्या ज्या रिसेप्शनिस्टपुढे भले भले जर्मन नांगी टाकतात तिच्याकडून हवा तो टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळवणारी बाई ती. पण गेला दीड महिना एका एअरलाइनपुढे मात्र तिची डाळ शिजत नव्हती. फोन लावला की आधी संगीत, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा संगीत. ईमेल पाठवली की उत्तर यायचं, 'आपल्याला तसं वाटलं याबद्दल आम्हांला खेद आहे.' ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तसं वाटलं म्हणजे काय? शेवटी पुढच्या प्रवासासाठी थोडे सवलतीचे माइल्स देऊन त्यांनी तिच्या तोंडाला पानं पुसली.

पुढचा प्रवास! तिथंच तर सगळं अडलं होतं.

झालं होतं ते असं. शुभाची आई, स्नेहलताबाई, मिरजेहून पहिल्यांदाच एकटी लेकीकडे आली. वाटेत आखातात विमान बदलायचं होतं. दुसऱ्या विमानात जरा पाय मोकळे करावेत म्हणून ती उठली, तर एक हवाईसुंदरी आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीतून म्हणाली, "व्हीलचेअर मागता आणि इथं फेऱ्या मारता? खोटं बोलायची सवयच असते तुम्हा लोकांना." माणसं वळून बघायला लागली. आई खाली बसली ती म्युनिक येईपर्यंत उठलीच नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही, कारण प्यायलं की उठावं लागणार. उतरली तेव्हा तिचे पाय टम्म सुजले होते. घरी येताना गाडीत हे एवढं तिनं सांगितलं आणि म्हणाली, "शुभा, पुन्हा काही हा प्रवास माझ्याच्यानं व्हायचा नाही बाई."

ते वाक्य शुभाच्या काळजात रुतून बसलं. कारण आई आली आणि तिचं घर घरासारखं वाटायला लागलं. सकाळी तिला जाग यायची ती स्वयंपाकघरातल्या खुडबुडीनं. आलं ठेचल्याचा आवाज यायचा. दिवसभर इंजिनिअर लोकांच्या बैठकांत 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, अगदी बरोबर, करून दमलेली शुभा संध्याकाळी दार उघडायची, तर कुणीतरी आतून विचारायचं, "आलीस का गं?" बस, एवढंच. एवढ्यासाठी माणूस किती आसुसलेला असतो हे तिला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. बाबा गेल्यापासून आई मिरजेत एकटी आणि ही इथं. नवरा होता, सात वर्षांची अन्वी होती, सगळं होतं. तरी आईनं दर वर्षी यावं, निदान वर्षातून एकदा या दारामागून तो प्रश्न ऐकू यावा, एवढी एकच इच्छा तिच्या मनात घर करून राहिली होती. आणि त्या उद्धट बाईनं एका वाक्यात त्या इच्छेवर पाणी ओतलं होतं. म्हणून ती त्या एअरलाइनच्या हात धुऊन मागे लागली. त्यांनी आईची माफी मागितली की आईचा राग जाईल, आणि राग गेला की आई परत येईल, असा तिचा सरळ हिशोब होता.

माफी काही आली नाही. आईचा परत जायचा दिवस मात्र आला.

आता त्या व्हीलचेअरचं सांगायला हवं. आपल्याकडे आईवडिलांना परदेशी एकटं पाठवायचं म्हटलं की मुलं तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगून ठेवतात. पाय चांगले धडधाकट असले तरी. कारण पायांचं नसतंच. विमान बदलताना चुकतील, इंग्रजी बोलताना अडखळतील, म्हणून ढकलणारा माणूस बरोबर असलेला बरा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा सल्ला सगळे सगळ्यांना देतात आणि त्यात काही गैर आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. शुभाच्याही आलं नव्हतं. आईचे सुजलेले पाय बघून तर तिला वाटलं, बरं झालं, व्हीलचेअर होती. परतीच्या तिकिटावरही तिनं ती तशीच ठेवली.

म्युनिकच्या विमानतळावर बॅगा दिल्या. काउंटरवरच्या मुलीनं बाजूच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं एक उंच, पांढऱ्या मिशांचा मदतनीस व्हीलचेअर घेऊन आला. हसतमुख माणूस. त्यानं आईला वाकून नमस्कार केला, मग तिच्या पायांकडे हात करून शुभाला जर्मनमध्ये विचारलं, यांना थोडं तरी चालता येतं का?

"नाइन," शुभा म्हणाली. "लायडर निश्ट." नाही हो, दुर्दैवानं नाही.

"डोख!" अन्वी ओरडली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायची ती जर्मनच. "आजी कान सुपर लाउफन! श्नेलर आल्स मामा!" येतं की! आजी मस्त चालते, आईपेक्षा जोरात!

मदतनीस मिशीतल्या मिशीत हसला. शुभाचे कान तापले. तिनं अन्वीला डोळे वटारून गप्प केलं.

"काय म्हणाला गं तो?" आईनं विचारलं.

"काही नाही. बस तू. उशीर होईल."

"मला चालता येतं का असं विचारलं ना? आणि तू नाही म्हणालीस."

आई काही व्हीलचेअरमध्ये बसेना. तिनं पर्स खांद्याला लावली आणि नीट उभी राहिली. मुलींच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेली बाई. तिला नीट उभं राहणं कुणी शिकवायला नको होतं.

"शुभा, ती पोरगी उद्धटच होती. मी नाही म्हणत नाही. पण खोटं बोलता, म्हणाली. ते मी कुठल्या तोंडानं खोडून काढणार होते? मी खोटीच होते ना गं तिथं."

"अगं आई, सगळेच करतात. तुझ्या सोयीसाठीच..."

"तास बुडवायला पोरी घरून चिठ्ठी आणायच्या. पाय मुरगळलाय, उभं राहवत नाही. आणि मधल्या सुट्टीत लंगडी घालायच्या! मी त्यांना ग्राउंडला फेऱ्या मारायला लावायचे. चिठ्ठी देणाऱ्या आयांनासुद्धा बोलवून घ्यायचे." आईचा आवाज जरा हलला. "या वयात तू माझी तशी चिठ्ठी दिलीस. मला न विचारता. आखातात खुर्ची ढकलणाऱ्या माणसानं मला एका कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि उठू नका म्हणाला. समोर पाटी दिसत होती, गेट दिसत होतं, बाथरूम दिसत होती. आणि मी बसून. आपण आता संपलो असं तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा मला वाटलं नव्हतं. तिथं वाटलं."

दीड महिना शुभा ज्या गुन्हेगाराचा पाठलाग करत होती, तो तिच्याच घरात राहत होता म्हणायचा.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? मी वेड्यासारखी भांडतेय त्यांच्याशी."

आई चक्क लाजली. "तू भांडायचीस ना फोनवर, ते बरं वाटायचं मला. कळायचं नाही सगळं, पण माझ्यासाठी चाललंय एवढं कळायचं. बाबा गेल्यापासून माझ्या बाजूनं कोण भांडलंय? म्हटलं, भांडू दे अजून थोडे दिवस."

शुभाला हसू आलं. तिला आईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण मदतनीस ताटकळत उभा होता. ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली की माफ करा, माझी चूक झाली, माझ्या आईला उत्तम चालता येतं, आम्हांला ही खुर्ची नको. त्यानं खांदे उडवले, आईला पुन्हा नमस्कार केला आणि रिकामी खुर्ची ढकलत निघून गेला.

"पुढच्या वर्षी येशील ना?" शुभानं विचारलं. इतके दिवस तिची हा प्रश्न विचारायची छाती झाली नव्हती.

"आधी घरी तर पोचू दे," आई म्हणाली. "माझी मी पोचले, तर येईन."

अन्वीचे पापे घेऊन, शुभाच्या गालावरून हात फिरवून आई सिक्युरिटीच्या फाटकातून आत गेली. पलीकडे काच होती. काचेतून दिसत होतं, आई उजवीकडे वळली. चुकली! रांग डावीकडे होती. शुभा काचेजवळ धावली, हात वर केला, आणि तो हात तसाच खाली घेऊन तिनं स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. आई थांबली. वरची पाटी वाचली. एका गणवेशातल्या माणसाला गाठून काहीतरी विचारलं. त्यानं हात केला तशी ती मागे फिरली आणि डावीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बूट काढायला लागले ते तिनं एका पायावर उभं राहून काढले, कशालाही न धरता.

एकदा तरी वळून बघेल म्हणून शुभा काचेला चिकटून होती. आईनं वळून पाहिलं नाही. ट्रेमधली पर्स उचलली आणि झपझप पावलं टाकत गर्दीत दिसेनाशी झाली. असं चालणारी बाई घरी पोचणार, आणि पुढच्या वर्षी येणार, याबद्दल शुभाला आता तिळमात्र शंका उरली नाही. फक्त आज संध्याकाळी घराचं दार उघडायचं कसं, ते तिला कळेना.