हेडर फाइल सापडली

पन्नाशीत नव्याने नोकरीला लागलेल्या त्या गृहस्थांना ऑफिसात सगळे काका म्हणत. तीन दिवस त्यांचा प्रोग्राम कंपाइल होत नव्हता, म्हणजे चालण्याजोगा तयारच होत नव्हता. डेटाबेसची लायब्ररी मशीनवर होती, पण तिच्यात काय काय आहे हे प्रोग्रामला सांगणारी हेडर फाइल सापडत नव्हती. ती वेगळ्या डेव्हलपर पॅकेजात येते, हे टीमच्या प्रमुख बाईंना तोंडपाठ होतं. पण मागच्या मीटिंगमध्ये काकांनी चारचौघांत बाईंची चूक काढली होती, आणि ते त्यांना अजून सलत होतं.

"नसेल तर त्याच नावाची रिकामी फाइल करा की," त्या म्हणाल्या.

काकांनी विश्वासाने केली. पडद्यावर एका चुकीऐवजी दोनशे चुका आल्या. सगळं ऑफिस पोट धरून हसलं, आणि काकाही हसले, मान खाली घालून.

चौथ्या दिवशी काकांनी स्वतःच ते पॅकेज शोधून बसवलं आणि प्रोग्राम चालवून दाखवला. काकांना काम झेपत नाही, सोमवारपासून दुसरं कोणी द्या, असा मेल बाईंनी सकाळीच साहेबांना धाडला होता. अजून मागे घेता आला असता.

"छान," बाई म्हणाल्या. "आता हे सगळं नीट लिहून ठेवा, काका. सोमवारी तुमच्या जागी येणाऱ्याला लागेल."