गाभोळी

रखमाबाईंनी बोय माशाचं पोट चिरलं, अंड्यांची पिवळी गाभोळी ताटात घसरली आणि खंडेरावांना खाडीवर मासे धरणाऱ्या एकनाथचं पत्र आठवलं. पावसाळ्याआधी आलेलं, उत्तर न दिलेलं.

"सायेब, तुमी बायकांच्या गोळ्या बनवायच्या कारखान्यात होता म्हणून विचारतो. नाला खाडीला मिळतो तिथल्या बोयांत नर दिसतच नाय. सगळ्यांना गाभोळी. आमच्या लेकीला, हिनाला मूल होत नाय म्हणून तिची आय तिला तीच खायला घालते. चालंल ना?"

उत्तर लिहायला खंडेराव कितीदा तरी बसले होते. त्यांची सगळी नोकरी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. टाक्या धुतलेल्या पाण्यातून गर्भ न राहण्याच्या त्या गोळ्यांचं औषध नाल्यात वाहून जायचं, ते त्यांना ठाऊक होतं. खाडीचं पाणी मात्र त्यांनी कधी तपासलं नव्हतं. प्रत्येक वाक्यात 'कदाचित' यायचं आणि कागद पुस्तकात दडायचा.

एकनाथची बायको जमना दारात टोपली उतरवून बसली होती.

"सायेब, आमच्या माणसाला उत्तर नाय दिलंत. शाई संपली काय?"

खंडेराव चष्मा पुसू लागले.

"एक ओळ लिहायला त्यांना चार पुस्तकं लागतात," रखमाबाई म्हणाल्या.

"गाभोळी सूनबाईला घाला. हिनाची येगळी ठेवलीय. यंदा देव देईल."

टोपली डोक्यावर घेऊन जमना गेली. रखमाबाईंनी तवा तापत ठेवला.

"उत्कर्षाला आधी वाढते. तिसरा महिना चालू आहे तिला."

"तिला नको."

"का?"

खंडेरावांनी ताट उचललं. मागच्या दारी केळीच्या बुंध्याशी, मांजराला उकरता येणार नाही इतक्या खोल, गाभोळी पुरली. वळले तर रखमाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"एवढी खात्री आहे?"

"खात्री नाही."

"तिकडे हिना खातेय ना?"

खंडेराव घरात आले. हात न धुताच टेबलाशी बसले. 'एकनाथ, नक्की काय ते मला सांगता येत नाही. आमच्या सुनेला मात्र आज मी ती गाभोळी खाऊ दिली नाही.' पुन्हा वाचून न पाहता त्यांनी पाकीट चिकटवलं. जमना परवा येणारच होती. पण तिच्या हातात द्यायचं म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं असतं.

नाक्यावरच्या पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला. मग त्यांनी पेटीवर लिहिलेली वेळ वाचली. आजची डाक मघाशीच निघून गेली होती.