बेंडाखालची पाचर

खंडेनवमीच्या दिवशी साधना प्लांटवर पोचली तेव्हा पूजा आटोपत आली होती. बॉयलर हाउसच्या दारात ताडपत्री अंथरून तिच्यावर पाने, हातोडे, चेन-ब्लॉक, वेल्डिंगचा होल्डर असं सगळं धुऊन-पुसून मांडलं होतं. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. मागे भिंतीला तिच्या वडिलांचा फोटो टेकवला होता. त्यालाही झेंडूचा हार, आणि काचेवर कुंकू.

संतराम खिल्लारे ऊर्फ आबा यांनी उभ्या जन्मात नारळ फोडला नव्हता. खंडेनवमीला ते हत्यारं रॉकेलमध्ये बुडवून लख्ख करत, तेलाचा हात फिरवत आणि म्हणत, "झाली माझी पूजा." कुणाला राग येत नसे. फिटर चांगला असला की त्याचं सगळं चालतं. जवळा बाजारच्या रस्त्यावरचा हा सोयाबीन तेलाचा प्लांट उभा राहिला तेव्हापासून ते इथे होते, आणि आषाढात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दसऱ्याला बॉयलर पेटायचा तो दरवर्षी त्यांच्या हातून. यंदा कामगारांनी ठरवलं की मान त्यांच्या घरचाच, साधनाच्या आईनं, मिराबाईंनी पेटवायचा. बालाजी स्वतः घरी, शिरड शहापूरला येऊन सांगून गेला होता. आई म्हणाली, "उद्या विहारातून परस्पर येते. आज तू जाऊन ये. एवढ्या प्रेमानं बोलावतेत."

बालाजी तिच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. आता तोच हेड फिटर. प्रसादाचा पेढा साधनाच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "ताई, वर चला. आबाची एक वस्तू दाखवायची हाय."

लोखंडी शिडीनं दोघं वर गेले. बॉयलरमधून निघालेला वाफेचा जाड पाइप तिथून प्लांटकडे वळत होता. त्या वळणाला, म्हणजे बेंडाला, खालून एक लोखंडी बूट जोडलेला होता आणि बुटावर पाइपाचा भार. बूट आणि शेजारचा अँगल यांच्या फटीत बाभळीची एक पाचर ठोकलेली होती. पाचरीवर हळद, कुंकू, झेंडूचा हार. लाकूड दिसतच नव्हतं.

"गेल्या हिवाळ्यात हा बेंड थरथरायला लागला, ताई. असा की खाली चहाचा कप ठेवला तर कप चालायला लागायचा. तवाचे साहेब म्हणले, पुण्याहून माणूस बोलवू. आबा म्हणले, पुण्याचा माणूस माझ्याच घरात हाय, तिला काहून तकलीफ देता? अन् ही ठोकली. पाइप जाग्यावर गप."

साधना हसली. आबा नक्की असंच म्हणाले असणार.

"अन् तुमी अॅटमचा कचरा उचलता म्हणं?"

"मी नाही, बालाजीभाऊ. उचलायची मशीन पुण्यातली आमची कंपनी बनवते. जाड काचेच्या मागे उभं राहून चालवायचे लांब हात. मी दुसऱ्या शेडमध्ये आहे. पाइपांची थरथर थांबवणारे डॅम्पर करतो आम्ही."

"आबा तर सगळ्याला सांगायचे. म्हणायचे, माझ्या आज्याला गावात कुणी शिवत नव्हतं, अन् माझी लेक न शिवता उचलायची मशीन बनवती. दोन्हीचा पगार बघा म्हणायचे." बालाजी मोठ्यानं हसला आणि मग एकदम थांबला.

साधनानं त्याच्याकडून हातोडी मागून घेतली आणि पाचरीवर एक हलका ठोका दिला. घट्ट, भरीव आवाज आला. दुसरा ठोका दिला. पाचर केसभरही हलली नाही. तिनं पाइपाच्या उघड्या भागाला हात लावला. उन्हाळ्यापासून बंद असलेला पाइप गार होता.

तिला जे कळलं ते इतकं साधं होतं की तिनं ते पुन्हा एकदा मनात मांडून पाहिलं. वाफ आली की पाइप लांबतो. हा बेंड चांगला बोटभर अँगलच्या बाजूला सरकणार. पाइप गार असतानाच पाचर एवढी गच्च असेल, तर तापल्यावर सरकायला त्याला जागा नाही. मग सगळा जोर बेंडाच्या वेल्डिंगवर. ते उद्या टिकेल, परवा टिकेल. आणि एक दिवस फाटेल तेव्हा खाली कुणी ना कुणी उभं असेल.

आबांना हे कळलं नाही? तिनं लहानपणी पाहिलेले आबा सायकलचा नट आवळतानाही अर्धा फेरा मागे घेत. "लोखंडालाबी श्वास घेऊ द्यावा," म्हणत.

"ही काढावी लागेल," ती म्हणाली.

बालाजीला आधी वाटलं थट्टा आहे. तिनं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे आबाची पाचर चुकली म्हणता?"

साधनानं हातोडी त्याला परत दिली. "हो," ती म्हणाली.

"तुमी त्यांच्या पोटच्या. तुमी म्हणू शकता. मी न्हाई काढायचा."

खाली स्वप्निल, प्लांटचा इंजिनिअर, तिच्याच वयाचा, तिला बाजूला घेऊन बोलला. तिचं म्हणणं त्याला तिनं सांगायच्या आधीच पटलं होतं, असं दिसलं. "मलाही शंका होती, मॅडम. पण ही माणसं येता-जाता तिच्या पाया पडून राहिली. मी नवा. शेठचं सोयाबीन गोदामात मावेनासं झालंय, उद्या स्टीम द्यायचीच आहे. असं करतो, पहाटे कुणी यायच्या आत मी गुपचूप काढून घेतो. वरचा हार तसाच ठेवतो. कुणाला कळणार नाही."

तिला ते सोयीचं वाटलं. तिनं मान हलवली आणि घरी आली.

आई ओट्यावर उद्याची पांढरी साडी घडी करत बसली होती. साधनानं सगळं सांगितलं. पाचर, बेंड, स्वप्निलचा बेत. मिराबाईंनी साडी बाजूला ठेवली.

"चुकले व्हते का ते?"

"तसं दिसतंय, आई."

"मग चुकले असतील. माणूसच व्हते." मिराबाई तिच्याकडे वळल्या. "पण पहाटे काहून? त्यांनी कोणतं काम अंधारात केलं? तू चोरावानी काढलीस तर त्यांनी काही चोरल्यावानी व्हईल. काढायची तर समद्याच्या म्होरं काढ. अन् तू काढ. त्या साहेब पोराच्या गळ्यात घालू नको."

"लोकांना वाईट वाटेल."

"तुला न्हाई का वाटणार? वाटू दे मग."

साधनानं स्वप्निलला फोन करून सांगितलं, पहाटे हात लावू नका.

दसऱ्याच्या दिवशी ती सकाळी प्लांटवर गेली. कामगार कपडे बदलून आलेले, बॉयलरच्या दाराला तोरण बांधलेलं. तिनं सगळ्यांना शिडीखाली बोलावलं. भाषण करायची तिला सवय नव्हती.

"वर आबांची पाचर आहे. ती तशीच ठेवून स्टीम दिली तर बेंड फाटू शकतो. म्हणून मी ती काढतेय. तुम्हाला विचारत नाही, सांगतेय. पण तुमच्या समोर काढते."

मागून एक जण पुटपुटला, "सणाच्या दिवशी..." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

वर तिच्यामागून बालाजीही चढला. मदत करायला नाही, पाहायला. तिनं हार काढून रेलिंगला अडकवला. खालच्या बाजूनं हात जात नव्हता, म्हणून वरूनच पाचरीला हातोडीनं आडवे ठोके देऊन पाहिले. हलेना. आता एकच उपाय होता. तिनं छिन्नी घेतली, पाचरीच्या माथ्यावर लाकडाच्या रेषेत धरली. कुंकवात टोक रुतलं. तिचा हात थांबला. बाभळीचं हे लाकूड आबांनी कुठून आणलं असेल, करवतीनं कापलं असेल की कुऱ्हाडीनं तासलं असेल, हे आता कुणालाच विचारता येणार नव्हतं. आणि हे फुटलं की त्यांच्या हातचं एवढं शेवटचं कामही राहणार नव्हतं.

तिनं ठोका मारला.

चौथ्या-पाचव्या ठोक्याला पाचर उभी चिरली. एक ढलपी तिच्या पायाशी पडली, उरलेली तिनं पकडीनं ओढून काढली. दोन्ही तुकडे तिनं पुसले, शेजारी शेजारी धरले आणि तशीच बघत राहिली.

टोकाकडचा भाग उष्णतेनं करपून तपकिरी झाला होता. करपलेलं लाकूड एका सरळ रेघेवर संपत होतं. रेघेच्या वर, माथ्यापर्यंत, लाकूड कोरं होतं. फक्त बुटाच्या कडेनं चेपलेलं.

"बालाजीभाऊ, पाइप तापलेला असताना ही इथवरच गेली होती." तिनं रेघेवर बोट ठेवलं. "त्याच्यापुढे ही पाइप गार होऊन फट रुंदावल्यावर घुसलीय. नंतर कुणीतरी ठोकलीय."

बालाजी रेलिंगला टेकला.

"पडली व्हती," तो म्हणाला. "सीझन संपला, प्लांट बंद झाला, तवा दुसऱ्या दिशी खाली पडलेली घावली. आबा म्हणले, पडू दे. ठेव बाजूला. मी बराबर ऐकलं न्हाई, लई कामं व्हती. मग ते गेले. तिसऱ्या दिशी मी इथं आलो, तर ती कोपऱ्यात पडलेली. मला म्हणलं, आबा गेले अन् त्यांची पाचर अशी धुळीत? घण आणला. पुन्हा पडू नये म्हणून चांगली बसवली."

साधनाला त्याच्यावर रागावता आलं नाही. गार पाइपाची पाचर पडणारच, हे आबांना ठाऊक होतं; ते चुकले नव्हते, आता फक्त आबा नाहीत एवढंच राहिलं.

"चांगलीच बसवली होती," ती म्हणाली. "माझे हात भरून आले."

बालाजीच्या तोंडावर ओशाळं हसू आलं. खाली जाऊन त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं की चूक आबाची नव्हती, आपली होती. साधनानं त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

दुपारी मिराबाई विहारातून आल्या, पांढऱ्या साडीत. त्यांनी हात जोडले नाहीत, पदर खोचला, पेटता बोळा बॉयलरच्या तोंडात टाकला आणि मागे सरकल्या. "धूर लई," एवढंच म्हणाल्या. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मग बॉयलर तापायला वेळ लागला, आणि ऊन कलल्यावर स्वप्निलनं व्हॉल्व्ह हळूहळू उघडला.

साधना आणि बालाजी वर उभे होते. पाइप आधी कुरकुरला. मग बूट अँगलच्या दिशेनं सरकू लागला, डोळ्यांना दिसणार नाही इतका हळू. पण मघाशी दोन बोटं बसणाऱ्या फटीत थोड्या वेळानं एकच बोट बसू लागलं. बेंड मोकळेपणानं आपल्या जागेवर आला. आणि वाफेचा जोर वाढला तसा, गेल्या वर्षीसारखाच, थरथरायला लागला.

"घ्या," बालाजी म्हणाला. "आता?"

"डॅम्पर पाठवते. यायला दिवाळी उजाडेल." तिनं फटीकडे पाहिलं. "तोवर बाभूळ आहे का कुठं?"

गोदामामागे एक वाळलेली फांदी होती. बालाजीनंच पाचर तासली. तिनं तापलेल्या फटीचं माप सांगितलं आणि हातमोजे घालून ती स्वतः ठोकली, बेताची, थरथर थांबेल एवढीच. पाइप शांत झाला.

बालाजीनं सवयीनं खिशातून कुंकवाची पुडी काढली.

"हिला नको," साधना म्हणाली.

"काहून?"

"कुंकू लागलं की कुणी हात लावत नाही. ही कायमची नाही. स्टीम बंद केली की हिला काढून ठेवायचं, पुन्हा तापल्यावर ठोकायचं. दर वेळी."

बालाजीनं पुडी खिशात ठेवली. थोडा विचार केला.

"अन् काढायची कुणी? तुमी तर जाणार."

"त्या वेळी ज्याची पाळी असेल त्यानं."

बालाजी रेलिंगवरून खाली वाकला आणि ओरडला, "ए, आज रातपाळीला कोण हाय रे? वर ये इकडं."