तळाचा थर

बाटली पंचेचाळीस अंशांत कलती केली, तरी तळाचा पांढरा थर जागचा हलला नाही. वरचं औषध सरकलं, थर मात्र काचेला धरून तिरकाच राहिला. मी पट्टी लावली. चार मिलिमीटर.

ही बाटली पॅकिंग विभागातल्या काकूंनी घरून आणली होती. त्यांच्या नातीला फिट येतात आणि आमच्याच कारखान्यातलं औषध चालू होतं.

"हलवून हलवून खांदा गेला माझा," काकू म्हणाल्या. "पहिले आठ दिवस नुसतं साखरेचं पाणी. दोनदा फिट आली पोरीला. आणि शेवटचे चमचे म्हणजे खडूचा चिखल. कालपासून गुंगीत आहे. डॉक्टरांनी औषध बदललं, म्हणाले, जास्त गेलंय. मी चमचा मोजायला चुकते का गं?"

"नाही काकू."

"मग?"

उत्तर मला माहीत होतं. मी उठले, सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसलं, बसले, परत तेच पुसलं.

"झिजेल ते," काकू म्हणाल्या.

आमच्या प्रयोगशाळेच्या तपासणी अहवालात कणांच्या गुठळ्यांसाठी एक रकाना असतो. त्यात दोनपैकी एक शब्द लिहायचा. कण एकमेकांना नुसते चिकटलेले असतील, हलवल्यावर सुटत असतील, तर अ‍ॅग्लोमरेट. कडाच एकमेकींत मुरल्या असतील, सुटत नसतील, तर अ‍ॅग्रीगेट. नुसत्या नजरेनं फरक कळत नाही, म्हणून आधी नमुना हलवायचा. आमच्याकडे तो पाच मिनिटं कंपनाच्या यंत्रात ठेवतात. ही पद्धत भाऊजींनी लिहिली. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, उत्पादनाचे प्रमुख. मला इथे नोकरीला त्यांनीच लावलं. यंत्रातून निघाल्यावर एकही गुठळी उरत नाही, त्यामुळे रकान्यात वर्षभर एकच शब्द, अ‍ॅग्लोमरेट.

तीन आठवड्यांपूर्वी यंत्र बिघडलं होतं. त्या दिवशी मी बाटली हातानं हलवली. कण सुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू झालं, मी नमुना त्यात ठेवला आणि नेहमीचा शब्द लिहून सही केली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

मी आज जाणाऱ्या साठ्यातल्या दोन सीलबंद बाटल्या आणल्या. एक काकूंनी ओढून घेतली. "दे इकडे, मला सवय आहे." आम्ही साठ-साठ वेळा हलवल्या. काचपट्टीवर थेंब ठेवून सुईनं दाबून पाहिला. गुठळी सरकली, फुटली नाही. दोन्हींत तेच.

तेवढ्यात भाऊजी आले.

"सही राहिलीय तुझी. गाडी भरून उभी आहे."

"नमुना हातानं हलवून पाहिला, भाऊजी. सुटत नाही."

"हातानं? यंत्राशी भांडलीस का?"

"घरी कुणाकडे यंत्र असतं?"

"ताई सांगते ते खोटं नाही. लहानपणी जेवायला बसलीस की आधी ताटात खडे शोधायचीस." ते हसले. "पाच मिनिटं ठेव त्यात आणि मोकळी हो. एका शब्दासाठी गाडी अडवायची का?"

मी काकूंची बाटली त्यांच्या हातात दिली. "तुम्ही हलवा."

"हे काय आता?"

"हलवा ना साहेब," काकू म्हणाल्या. "माझी नात दीड महिना तेच पीत होती."

त्यांनी हलवली. आधी गंमत म्हणून, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. थांबून खिडकीपाशी बाटली उलटी धरली. थर आता वर होता, आहे तिथेच.

"हे वरच्या साहेबांपर्यंत गेलं," ते हळू आवाजात म्हणाले, "तर पहिला प्रश्न येईल, पद्धत कुणी लिहिली."

"हो."

"ताईचा विचार केलास?"

केला होता. रोज केला होता. बोटांत पेन फिरत होतं. ते मी टेबलावर ठेवलं. काकू हात पुसत तिथेच उभ्या होत्या.

"मी अ‍ॅग्रीगेट लिहिणार आहे, भाऊजी," मी म्हणाले. "गाडी उतरवायला सांगा. आणि गेलेल्या सगळ्या बाटल्या परत मागवा. तीन आठवड्यांपूर्वीच्यासुद्धा. त्यावर सही माझी आहे, आणि ती करताना मला हे माहीत होतं."