सुलक्षणाची रेघ

२००९च्या मंदीत हिंजवडीच्या त्या कंपनीत कामापेक्षा माणसं जास्त झाली. काम आणण्यापेक्षा माणसं हाकलणं मॅनेजर मनीष सरांना सोपं वाटलं. विश्रामने रिकामपणी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी रेघ, मशीन नेटवर्कवरून किती माहिती ओढतंय ते दाखवणारी. सरांनी तो सगळ्यांच्या मशीनवर बसवला आणि सगळ्या रेघा आपल्या पडद्यावर मागवल्या. रेघ उंच तो कामसू, आडवी तो आळशी.

"आडव्यांना महिनाअखेरीस नारळ," सर म्हणाले.

स्वयंपाकाची चव धुरावरून ठरवायची म्हणतात ती अशी. विश्रामला ते कळत होतं. पण त्याची स्वतःची नोकरी त्याच प्रोग्रामवर टिकली होती.

शेजारच्या सुलक्षणाची रेघ मेल्यासारखी पडलेली. नांदेडची ही बाई दिवसभर मान मोडून दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायची, सगळं स्वतःच्या मशीनवरच. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"ताई, परदेशातल्या सर्व्हरवरून एखादी मोठी फाइल उतरवत ठेवा. सगळे तेच करतात," विश्राम तिला म्हणाला.

"अन् काम?"

"तेही केलंत तरी चालेल."

बाकीचे हे बेताने करत. सुलक्षणाला बेताने काहीच करता येत नसे. तिने सकाळीच ढीगभर फाइली उतरवायला लावल्या. दुपारी लंडनच्या ग्राहकाशी इंटरनेटवरून बोलताना सरांचा आवाज चिरकत चिरकत बंद पडला.

"नेटवर्क कोण खातंय?"

उत्तर सरांच्याच पडद्यावर होतं. ते सुलक्षणापाशी आले.

"कुणी शिकवलं हे?"

विश्रामने कीबोर्डकडे पाहिलं. सुलक्षणाने विश्रामकडे पाहिलं, एकदाच.

"मलाच सुचलं, सर."

"उद्यापासून येऊ नका. विश्राम, तुझा प्रोग्राम कामाचा निघाला हं!"

विश्राम तिला रोज मारुंजीला घरी सोडायचा. आजही ती बाइकपाशी उभी होती.

"चल. उद्यापासून तुला वळसा नाही."

"ताई, मी सरांना सांगतो..."

"काय सांगतोस? मघाशी तोंड कुठं होतं?"

त्याने किक मारली. ती मागे बसली, आणि मारुंजी येईपर्यंत तिने बॅग दोघांच्या मधे घट्ट धरली होती.