नागाच्या तोंडातला जांभळा उजेड

मंगलाबाईंचे हात चमकले आणि हॉलमधल्या बायकांनी किंचाळून एकमेकींचे दंड धरले. नखांच्या कडांना, बोटांच्या पेरांना, तळहाताच्या रेघांना निळसर पांढरा उजेड फुटला होता. बाकीचा हात अंधारात आणि रेघा तेवढ्या जळताहेत. मी समोरच बसले होते, म्हणून खरं ते सांगते: दोन क्षण माझ्याही अंगावर काटा आला.

रविवारची भर दुपार. सुरतच्या उधन्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलचं शटर खाली ओढलेलं, खिडक्यांना काळी चादर. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतील इतकी दाटी. मधोमध काळी कफनी घातलेले तेजगिरी महाराज आणि त्यांच्या हातात पितळी नाग. नागाच्या तोंडातून जांभळा उजेड पडत होता.

"बहेनो, ये दिवो नथी! हा देवीचा तिसरा डोळा आहे! बार वरस गुफामां बेठो, तब मिला है!" महाराज गर्जले. एका दमात तीन भाषा, आणि तिन्हींत थापा. "जिच्या हातात करणी, तिचाच हात बोलणार!"

हा सगळा थाट वाल्मिकसाठी होता. वाल्मिक म्हणजे इंदुबाईंचा मुलगा, लूमवर कामाला. कित्येक दिवस दिवसाआड थंडी वाजून ताप भरत होता. दवाखान्याऐवजी इंदुबाईंना आठवलं काय, तर शेजारच्या मंगलाबाईंनी त्याला ज्वारीच्या पापडासारखे बिबडे खायला दिले होते. मंगलाबाई विधवा, एकट्या राहणाऱ्या, फटकळ तोंडाच्या. अशा बाईवर संशय घ्यायला लोकांना फार विचार करावा लागत नाही. सोसायटीचे प्रमुख सुकदेवभाऊ स्वतः जाऊन महाराजांना घेऊन आले. घरी असलेल्या सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. एकीचेही हात चमकले नाहीत. मंगलाबाईंचे चमकले.

"सूरज ढळायच्या आत ही बाई इथून गेली पाहिजे," महाराजांनी निकाल दिला. "नाहीतर पोरगा हातचा जाईल."

"खोली खाली करा, मंगलाबाई," सुकदेवभाऊ म्हणाले. नजर मात्र वर उचलली नाही त्यांनी.

मी मंगलाबाईंच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेले. त्या खरोखरच पेटीत लुगडी भरत होत्या. ही बाई एरवी नळावर भल्याभल्यांना गप्प करते. मला वाटलं होतं, शिव्या घालत असेल. ती आपल्या तळहातांकडे बघत होती.

"बाई, मन्हा हातमा खरंच काही शे का?" तिनं आपल्या खानदेशी बोलीत विचारलं. "मी कोनं वाईट कयं नही. पन डोयानी देखं ना मी."

मला त्या क्षणी त्या भोंदूचा असा संताप आला! घर काढून घेणं वेगळं. यानं बाईचा स्वतःवरचा विश्वासच काढून घेतला होता.

आता माझ्या पर्समध्ये काय होतं ते सांगायला हवं. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. हिवाळ्यात आम्ही मुलांना डांगच्या जंगलात शिबिराला नेतो. गेल्या वर्षी बाजारातून आणलेले टॉर्च पहिल्याच दवात बंद पडले आणि सगळी वरात चाचपडत तंबूत परतली. त्यामुळे यंदा टॉर्च पारखून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली. आदल्या संध्याकाळी बारडोलीला भावाच्या उसात जाऊन मी एका अंगठ्याएवढ्या एलईडी टॉर्चची परीक्षा घेतली होती. ओट्यावरून फरशीवर पाडला, बादलीत बुडवून ठेवला, चिखलाच्या हातांनी चालू-बंद केला. टिकाऊ निघाला. उजेड फार लांब जात नाही आणि खिशाला अडकवायची क्लिप अगदीच भिकार, पण पायवाटेला पुरेसा. त्याला तीन बटणं. एक पांढऱ्या उजेडाचं, एक लाल उजेडाचं आणि तिसरं जांभळ्या उजेडाचं. हा जांभळा म्हणजे अतिनील किरणांचा, विंचू शोधायला. बांधावरच्या दगडाखाली मारला तर विंचू हिरवागार चमकला होता. आणि माझी पांढरी ओढणीही.

ती ओढणी आठवली आणि डोक्यात लख्ख झालं. हॉलच्या बाजूच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पांढरे कपडे घालून आत येऊ नये. महाराज म्हणे, पांढरा रंग देवीला चालत नाही!

"मंगलाबाई, मिलमध्ये तुमचं काम काय?"

"सचिन गावले, फिनिशिंगमा. धव्वा कपडाना टाकीमा सफेदीनी पावडर टाकस मी."

मी पर्समधून टॉर्च काढला, दार लोटलं आणि तिसरं बटण दाबलं. तिचे हात चमकले. मग मी तो कोपऱ्यातल्या कपडे धुवायच्या पावडरीवर मारला. पावडरही तशीच चमकली, हातांपेक्षाही जास्त.

"आता ही पावडरही डाकीण का?" मी विचारलं.

मंगलाबाईनं चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन पाहिली. मग तिनं पेटीचं झाकण आपटून बंद केलं.

"चला," ती म्हणाली.

हॉलमध्ये महाराज वाल्मिकच्या कपाळाला अंगारा फासत होते. तेवढ्यात पहिल्या पाळीच्या बायका सचिनहून परतल्या आणि काय चाललंय म्हणून दारात थबकल्या. त्यात मंगलाबाईंबरोबर त्याच टाकीवर काम करणाऱ्या सखुबाई आणि सरस्वती होत्या.

"महाराज," मी मोठ्यानं म्हणाले, "देवीचा तिसरा डोळा माझ्याकडेही आहे. दुकानात मिळतो. बारा वर्षं गुहेत बसावं लागत नाही."

मी जांभळा उजेड लावला.

"नकली! पाखंड!" महाराज ओरडले. ओरडण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा मी डोळे सांभाळून उजेड खाली, त्यांच्या दातांवर धरला. दात निळसर पांढरे चमकले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"महाराजांच्या दातांत करणी दिसते," मी म्हणाले. "सुकदेवभाऊ, खिशातला रुमाल काढा बघू."

त्यांनी तो नकळत काढला. पांढरा रुमाल असा पेटला की भाऊंनी तो घाबरून खालीच टाकला.

पण इंदुबाई उसळल्या. "मन्हा पोऱ्या तापमा पडेल शे, आनि तुमले खेळ सुचस! रुमाल ऱ्हाऊ द्या. दुसरी कोनी बाईना हात चमकनात का? तिनाच चमकनात ना?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर दारात उभं होतं. मी सखुबाई-सरस्वतीकडे वळले आणि हात पुढे करा म्हणाले.

सरस्वतीनं दोन्ही हात पदराखाली लपवले. तिला दोष कसा देऊ? ज्या उजेडानं एकीचं घर जात होतं, त्यात आपणहोऊन हात घालायचा होता. हात चमकले आणि लोकांना माझं पटलं नाही, तर एकीच्या जागी तिघी बाहेर.

"हात लपवतेय, बघा! पापी हात लपतो!" महाराजांना चेव आला.

सखुबाईंनी जेवणाचा डबा खाली ठेवला. पुढे आल्या आणि माझ्या टॉर्चपुढे नाही, थेट महाराजांच्या नागापुढे हात पसरले.

"मार तुना उजेड!"

महाराजांनी नाग झाकायला कफनी ओढली. पण मंगलाबाईनं त्यांचं मनगट धरलं आणि नागाचं तोंड सखुबाईंच्या हातांकडे वळवलं. हात चमकले. तेव्हा सरस्वती आली. तिच्यामागून पांढऱ्या कापडाच्या घड्या घालणाऱ्या आणखी दोघीतिघी आल्या. सगळ्यांचे हात चमकत होते. कामाचे हात, साबणानं धुऊनही नखांत पावडर उरलेले.

"काढा आता आम्हा सगळ्यांना सोसायटीतून," सरस्वती सुकदेवभाऊंना म्हणाली. "आणि उद्या मिल तुम्ही चालवा."

मी शटर वर ढकललं. भसकन ऊन आत आलं. महाराजांच्या हातातला नाग काढून घेऊन त्याच्या पोटात हात घातला, तर माझ्यासारखाच अंगठ्याएवढा टॉर्च हातात आला. तो वर धरून मी सांगितलं: हा जांभळा उजेड डोळ्यांना नीट दिसत नाही, पण कापड पांढरं दिसावं म्हणून घालतात त्या पावडरीवर पडला की ती चमकते. तीच कपडे धुवायच्या पावडरीत असते. दात आपोआप चमकतात, विंचूही चमकतो. या सुरतेत हजारो हात कापडात असतात. दहा बायका उभ्या करा, एकीचे तरी चमकणारच. हा माणूस कुठेही गेला तरी त्याला डाकीण सापडायचीच. आता गुजरातेतही अशा प्रकारांविरुद्ध कायदा आहे, हेही सांगून टाकलं. कायद्याचं नाव निघताच महाराजांबरोबर आलेले चेले चपला शोधायला लागले. सुकदेवभाऊंनी महाराजांना जागचं हलू दिलं नाही. पोलिसांना फोनही त्यांनीच केला, एवढं त्यांच्या पदरात टाकते.

वाल्मिकला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला. औषधानं उतरतो तो ताप, आणि उतरला.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला की म्हणा, शटर उघड. म्हणा, हीच वस्तू माझ्या हातात दे, आणि आधी स्वतःवर चालवून दाखव. खरी गोष्ट उन्हात मरत नाही. आणि कुणा बाईकडे बोट दाखवून सगळे ओरडायला लागले, तर एवढं तरी विचारा की ती कुठलं काम करते.

त्या संध्याकाळी इंदुबाई मंगलाबाईंच्या दाराशी येऊन घुटमळत होत्या. माफी काही त्यांच्या तोंडून फुटेना. पेटी दाराजवळच पडली होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मग, जास का तू?"

मंगलाबाईनं पेटी उचलून होती तिथे, खाटेखाली सरकवली आणि उंबरठ्यावर पाय पसरून बसली.

"कसाले जासू?" ती म्हणाली. "मी आठेच, मन्हा घरमा ऱ्हासू."