वर काय नेता?

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. खिशात खिळा असेल तर तो खिशातच राहू द्या. मी एक जुना दरवाजा आहे, मंडईजवळच्या मनोऱ्याच्या पायथ्याचा, आणि माझ्या अंगावर आधीच भरपूर नावे कोरलेली आहेत.

मी अस्सल सागवानी. घडवणाऱ्या सुताराने मला पितळी कडी बसवली आणि शाबासकी मिळवली. साहेबी अमलात माझ्यातून फक्त शिपाई जात. स्वातंत्र्यानंतर मनोरा सर्वांना बघायला खुला झाला आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले. कर्वेनगरची माणसे वरून आपले घर शोधत आणि उतरल्यावर दिसले म्हणून ठोकून देत. मी कोणावरच विश्वास ठेवत नसे. दरवाजाचे कामच ते.

रखवालदार यज्ञेश्वरपंत माझ्याहून संशयी. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे आणि माणसांशी बोलणे जिवावर येई. म्हणून ते पाट्या लावत. ‘घाईत असल्यास वर जाऊ नये. नसल्यास लवकर उतरावे.’

माझ्यासमोर मांजरी गावच्या सोजरबाई भाजी विकत. दुपारी गिऱ्हाईक पांगले की पदराखाली गाठोडे घेऊन त्या वर जात आणि रिकाम्या हातांनी खाली येत. चोर वस्तू पळवतो. ही बाई वर नेऊन ठेवत होती! काय असेल? त्यातच वरून उतरणारी माणसे शिंकू लागली.

परक्या बाईला तोंडावर विचारणे पंतांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पाटी लावली, ‘वर सामान नेण्यास मनाई आहे.’ सोजरबाई तिच्या शेजारून हसत गेल्या, "रामराम वो."

पंतांनी दुसरी लावली, ‘वरील पाटी आपल्यासाठीच आहे.’ दुसऱ्या दिवशी गाठोडे आणखी मोठे होते.

"काय हा निगरगट्टपणा!" पंत पुटपुटले आणि त्यांनी थेट कचेरीत तक्रार केली.

कचेरीतले साहेब आले, वर गेले आणि शिंकत खाली उतरले. त्यांच्या मुठीत मसाला भरलेल्या मिरच्या होत्या.

"अहो पंत, या सांडग्या मिरच्या आहेत! सगळी गच्ची भरली आहे. मनोरा आता बंदच करायला हवा."

"पण मी पाट्या लावल्या होत्या," पंत म्हणाले.

"मला कुठं वाचाया येतंय?" सोजरबाई धावत आल्या. "उरल्याली मिरची सडून जाती. वर ऊन हाय, वारा हाय, शेळी न्हाई. म्हून वाळवीत हुते. त्वांडानं इचारायचं की! तुमास्नीबी दिल्या असत्या मूठभर."

पंतांची मान खाली गेली. "साहेब, तक्रार मागे घेतो. मिरच्या आता उचलायला लावतो. मनोरा तेवढा बंद करू नका."

"तक्रार आली म्हणजे आली. आज मिरच्या, उद्या आणखी काही. कुलूप लावा."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी उघडलेलो नाही. बिजागऱ्या गंजल्या. पावसाळ्यात मी फुगतो, उन्हाळ्यात तडकतो. खालच्या फळीला वाळवी लागली आहे, आणि तिच्यावर चिकटवलेल्या जाहिरातींमुळे ती कोणाला दिसत नाही.

पंतांची बदली झाली. जायच्या दिवशी ते रस्ता ओलांडून गेले. सोजरबाईंच्या भाजीपुढे थांबले. मग म्हणाले, "बाई, मिरच्या आता कुठं वाळवता?"

"हितंच, फुटपाथवर. निम्म्या तर धूळच खातीया." सोजरबाईंनी त्यांच्या पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या. पंतांनी त्या नको म्हटल्या नाहीत.

माझा तुमच्यावरही फारसा विश्वास नाही, खरे सांगतो. तरीही मागतो. माझ्यावर नावे कोरू नका, माझ्या फळीला थोडे तेल द्या. आणि कधी इथून गेलात, तर कुलूप पाहून मुकाट्याने पुढे जाऊ नका. समोर जो कोणी भेटेल त्याला तोंडाने विचारा, "हा दरवाजा बंद का आहे हो?"

इतक्या वर्षांत तेवढे कोणीच विचारलेले नाही.